वाचकांचे प्रश्न : ‘किती टाकू?’ एवढाच ट्रेस वाचून चूक सापडत नाही

भाषिक मॉडेलवर चालणाऱ्या सहायकांच्या देखरेखीबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. बहुतेकांची अडचण एकच आहे : एकेका प्रश्नोत्तराची नोंद व्यवस्थित होते, पण अख्खं संभाषण हाती लागत नाही. म्हणून हे पान आज त्यालाच दिलं आहे.

प्रश्न (लातूर) : आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर शेतीसल्ला देणारा सहायक चालवतो. प्रत्येक मेसेजचा ट्रेस, म्हणजे तो कसा हाताळला गेला याची नोंद, लँगफ्यूज या देखरेखीच्या साधनात जमा होतो. ‘औषधाचं प्रमाण चुकीचं सांगितलं’ अशी तक्रार आली की आम्ही तो ट्रेस उघडतो. त्यात एरर नाही, वेळ ठीक, टोकन (मॉडेल मोजतं ते शब्दांचे तुकडे) ठीक. मग चूक शोधायची कुठं?

उत्तर : ट्रेस म्हणजे एका विनंतीचा प्रवास. मेसेज आला, सल्ल्याच्या साठ्यात शोध झाला, मॉडेलला विचारलं, उत्तर गेलं. यातली प्रत्येक पायरी म्हणजे एक स्पॅन. तुमच्या तक्रारीतली चूक एका विनंतीत मावणारी नाही, ती दोन विनंत्यांच्या मधल्या जागेत आहे. असं संभाषण डोळ्यांपुढे आणा :

‘सोयाबीनची पानं पिवळी पडायलीत.’
‘शिरा हिरव्याच हायेत.’
‘किती टाकू?’

तिसऱ्या मेसेजचा ट्रेस एकटा उघडला तर काहीच कळत नाही. शेतकऱ्यानं प्रमाण विचारलं आणि सहायकानं प्रमाण सांगितलं, एवढंच दिसतं. आता तिन्ही ट्रेस एकाखाली एक लावा आणि प्रत्येकातला फक्त शोधाचा स्पॅन उघडा. पहिल्यात शोधाला गेलेले शब्द ‘सोयाबीन पाने पिवळी’ असे आहेत. तिसऱ्यात गेलेत फक्त ‘किती टाकू’. पिकाचं नाव नाही, लक्षण नाही. त्यामुळे शोधानं तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीच्या फवारणीचा उतारा आणून दिला. मॉडेलसमोर आधीचं संभाषण होतं, तरी त्यानं हाती आलेल्या उताऱ्यावर भरवसा ठेवला. दुरुस्ती मॉडेलमध्ये करायची नाही. शोधाआधी मागचे दोन-तीन मेसेज घेऊन प्रश्न पूर्ण करून घेणारी पायरी हवी, म्हणजे ‘सोयाबीन, पाने पिवळी, शिरा हिरव्या, फवारणीचे प्रमाण’ असे शब्द शोधाला जातील. शेतकऱ्याचा ‘किती’ एकरी आहे की पंपाला, हे विचारून घेणंही त्याच पायरीत बसतं. ते राहिलं तर पुढचं नुकसान पिकाचं होतं, म्हणून ही पायरी टाळू नका.

ट्रेस असे एकाखाली एक लावायचे तर त्या सगळ्यांवर एकच आयडी असायला हवा. त्यालाच सेशन म्हणतात. दवाखान्यात प्रत्येक तपासणीची चिठ्ठी वेगळी असते, पण केसपेपरचा नंबर एकच असतो, तसंच हे. सेशन कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं याचा अंदाज साधन स्वतःहून बांधत नाही. आयडी सारखा दिसला की ते ट्रेस एकत्र दाखवतं. सीमा तुमच्या प्रोग्रामलाच आखावी लागते, आणि इथली बाकीची बहुतेक उत्तरं त्याच कामाबद्दल आहेत.

एक वाट मात्र धरू नका : अख्ख्या संभाषणाचा एकच लांब ट्रेस. मूळ स्पॅन, म्हणजे बाकीच्या पायऱ्या पोटात घेणारा सगळ्यात वरचा स्पॅन, बंद झाल्याशिवाय बाहेर पाठवला जात नाही. शेतकऱ्यानं दुसरा मेसेज चार तासांनी पाठवला तर तोवर तो स्पॅन मेमरीत उघडाच राहतो, आणि मधे सर्व्हर रीस्टार्ट झाला की गेला. शिवाय प्रतिसादाच्या वेळेत शेतकऱ्याचं जेवण आणि रानातली फेरीही मोजली जाते. एक मेसेज, एक ट्रेस. अनेक ट्रेस, एक सेशन.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : वाळूजमधल्या कारखान्यांसाठी आम्ही देखभालीच्या प्रश्नांची उत्तरं देणारा चॅटबॉट केला आहे. आयडी नेमका कुठं तयार करावा आणि खालच्या सेवांपर्यंत कसा न्यावा? शिवाय प्रत्येक साधनात त्याचं नाव वेगळं आहे.

उत्तर : संभाषण जिथं जन्मतं तिथं, म्हणजे ‘नवीन चॅट’ उघडताच, सर्व्हरवर एक यूयूआयडी (दुसऱ्या कुणाशी न जुळणारा यादृच्छिक आयडी) तयार करा आणि संभाषणाच्या टेबलात साठवा. पुढच्या प्रत्येक मेसेजबरोबर स्क्रीनकडून तोच परत येऊ द्या, पण तो त्या वापरकर्त्याचाच आहे ना हे सर्व्हरवर तपासा. ब्राउझरवर सोडून दिलं तर पान रीफ्रेश होताच नवा आयडी तयार होतो आणि एका संभाषणाचे तीन तुकडे पडतात. लॉगिनचं सेशनही यासाठी घेऊ नका. शिफ्टमधले चार फिटर एकाच लॉगिननं बसले की चार मशीनचे प्रश्न एका माळेत ओवले जातात.

नावांचं म्हणाल तर देखरेखीच्या साधनांपैकी लँगफ्यूजमध्ये ‘सेशन आयडी’, एमएलफ्लोमध्ये ‘एमएलफ्लो.ट्रेस.सेशन’ हा मेटाडेटा (नोंदीला जोडलेली जादा माहिती) आणि फिनिक्समध्ये ‘सेशन.आयडी’. लँगस्मिथ हे साधन अशा गटाला थ्रेड म्हणतं आणि मेटाडेटात ‘सेशन_आयडी’, ‘थ्रेड_आयडी’ किंवा ‘कॉन्व्हर्सेशन_आयडी’ यांपैकी कोणतंही नाव चालवतं. तिथं तो मेटाडेटा फक्त वरच्या रनवर (स्पॅनला तिथं रन म्हणतात) लावून भागत नाही, पोटातल्या रनवरही लावावा लागतो. नाहीतर थ्रेडच्या टोकनची आणि खर्चाची बेरीज कमी भरते. ओपनटेलिमेट्री या ट्रेसिंगच्या खुल्या मानकाच्या नामसंकेतांत मॉडेलच्या कामासाठी ‘जेन_एआय.कॉन्व्हर्सेशन.आयडी’ आहे. साधन बदलायची शक्यता असेल तर तुमच्या कोडमध्ये एकच फंक्शन ठेवा, ते ही सगळी नावं लावेल. नाव दहा फाइलींत विखुरलं की पुढे आवरता येत नाही.

खालच्या सेवांकडे नेताना दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. ‘ट्रेसपॅरेंट’ या हेडरमधून, म्हणजे विनंतीच्या माथ्यावरच्या ओळीतून, ३२ अक्षरी ट्रेस आयडी आणि १६ अक्षरी स्पॅन आयडी जातो, सेशनचा आयडी जात नाही. तो नेण्यासाठी ‘बॅगेज’ हेडर आहे. पण बॅगेजमधलं मूल्य आपोआप स्पॅनवर उमटत नाही. पुढच्या सेवेत ते वाचून स्पॅनवर लिहिणारा प्रोसेसर लावावा लागतो. हेडर पोहोचतं आणि स्पॅन कोराच राहतो, या घोळात खूप वेळ जातो. दुसरं असं, की हे हेडर बाहेरच्या कंपन्यांच्या एपीआयलाही जाऊ शकतं. बाहेर जाणाऱ्या विनंत्यांवर ते काढून टाका.

प्रश्न (धाराशिव) : व्हॉट्सअ‍ॅपवर ‘नवीन चॅट’ असं बटण नसतं. माणूस सकाळी विचारतो, संध्याकाळी परत विचारतो, आठ दिवसांनी तिसरंच विचारतो. सेशन तोडायचं कधी?

उत्तर : शेवटच्या मेसेजनंतर किती वेळ शांतता गेली त्यावर तोडा. किती वेळ, ते स्वतःच्या नोंदी बघून ठरवा. वेबसाइटच्या मोजणीत ३० मिनिटांचा प्रघात आहे, पण तो पान चाळणाऱ्या माणसासाठी आहे. सल्ला घेऊन रानात जाणारा माणूस पाच तासांनी ‘मारलं, आता पाणी कधी देऊ’ असं विचारतो आणि ते त्याच कामाचं पुढचं पाऊल असतं. व्हॉट्सअ‍ॅपची कंपनी मेटा हिच्या नियमात ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तास मोकळं उत्तर देता येतं. ती मुदत मेसेज पाठवण्याच्या परवानगीची आहे, विषय संपल्याची खूण म्हणून ती धरू नका.

महिनाभराच्या नोंदी घ्या. प्रत्येक वापरकर्त्याच्या लागोपाठच्या दोन मेसेजमधलं अंतर काढा आणि त्याचा आलेख करा. साधारणपणे एक ढीग काही मिनिटांचा दिसतो, दुसरा दिवसांचा. मधे जिथं मेसेज विरळ होतात तिथं रेघ मारा. मग त्या रेघेच्या जवळची पन्नासेक संभाषणं वाचून पाहा. एकच काम दोन सेशनमध्ये फुटलंय का, की दोन वेगळी कामं चिकटलीत? हे वाचन आलेखापेक्षा जास्त शिकवतं. शेतीसल्ल्याला आम्ही ६ ते ८ तासांपासून सुरुवात करायला सांगू, बस किंवा बिलाच्या चौकशीला तासभर पुरे.

बांधणी सोपी आहे. रेडिस या मेमरीतल्या डेटाबेसमध्ये वापरकर्त्यामागे एक किल्ली ठेवा, तिचं मूल्य सेशन आयडी आणि मुदत ६ तास, म्हणजे २१६०० सेकंद. मेसेज आला, किल्ली असली की तोच आयडी घ्या आणि मुदत पुन्हा पूर्ण करा. नसली तर नवा तयार करा. नवा लिहिताना ‘एनएक्स’ (किल्ली आधी नसेल तरच लिही) हा पर्याय वापराच. शेतकरी पानाचा फोटो आणि त्याखाली मजकूर एकाच सेकंदात पाठवतो, दोन वर्कर ते एकाच वेळी उचलतात, दोघांनाही किल्ली दिसत नाही आणि दोघंही नवा आयडी काढतात. मग फोटो एका सेशनमध्ये आणि प्रश्न दुसऱ्यात. ‘एनएक्स’ असेल तर पहिल्याचंच लिहिलं जातं. दुसऱ्यानं मात्र स्वतःचा आयडी टाकून देऊन लिहिलेला वाचला पाहिजे. ही शेवटची पायरी कोडमध्ये हमखास राहून जाते.

तुमचा सर्व्हर काही वेळ बंद पडला की मेसेज अडकून बसतात आणि मग एकदम येतात. म्हणून अंतर मोजताना तुमच्या सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ घेऊ नका, मेसेजसोबत आलेली वेळ घ्या. तुमच्याकडून वेळेत पोच गेली नाही तर व्हॉट्सअ‍ॅप तोच मेसेज पुन्हा पाठवतं. मेसेजचा आयडी तपासून दुसरा टाकून द्या, नाहीतर सेशनमध्ये एकच प्रश्न दोनदा दिसेल आणि माणूस वैतागून पुन्हा विचारतोय असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

सेशन आयडीत तारीख घालायची असेल तर घड्याळ लक्षात ठेवा. सर्व्हर यूटीसी या जागतिक वेळेवर असला की त्याची तारीख आपल्याकडे पहाटे ५.३० ला बदलते. रानात जायच्या आधी विचारणाऱ्यांची तीच वेळ. तारीख घालूच नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न (परभणी) : अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे. पायथॉनमध्ये सेशन आयडी लावला, पण काही ट्रेस सेशनमध्ये येतच नाहीत. कधी येतात, कधी नाही.

उत्तर : ‘कधी येतात, कधी नाही’ या वर्णनावरून पहिला संशय थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्यांवर, जातो (लँगस्मिथचा थ्रेड वेगळा). पायथॉनमध्ये चालू संदर्भ, म्हणजे कोणता ट्रेस आणि कोणतं सेशन सुरू आहे ते, ‘कॉन्टेक्स्टव्हार्स’मध्ये असतो. असिंकआयओ या पायथॉनच्या लायब्ररीचा नवा टास्क तो संदर्भ सोबत घेऊन जातो, पण थ्रेडपूल एक्झिक्युटरला दिलेलं काम सहसा कोऱ्या पाटीनं सुरू होतं. चार शोध समांतर चालवण्यासाठी तुम्ही थ्रेडपूल वापरला असेल, तर त्या चार स्पॅनना ना पालक स्पॅन मिळतो, ना सेशन. ते स्वतंत्र ट्रेस म्हणून उगवतात. काम देण्याआधी ‘कॉपी_कॉन्टेक्स्ट’नं संदर्भाची प्रत घ्या आणि काम त्या प्रतीच्या ‘रन’मधून चालवा. प्रत्येक कामाला वेगळी प्रत लागते. एकच प्रत दोन थ्रेडनी एकाच वेळी वापरली तर एरर येतो. सेलरीसारख्या कामांच्या रांगेत तर प्रोसेसच वेगळी असते. तिथं सेशन आयडी कामाच्या मजकुरात उघडपणे पाठवून पलीकडे पुन्हा लावायचा.

दुसरं कारण क्रमाचं. लँगफ्यूजच्या पायथॉन एसडीकेत (कोडमध्ये जोडायच्या लायब्ररीत) ‘प्रोपगेट_ॲट्रिब्यूट्स’ हा ब्लॉक उघडला की आयडी त्या वेळच्या चालू स्पॅनवर आणि पुढे तयार होणाऱ्या स्पॅनवर लागतो, आधी तयार झालेल्या बाकीच्यांवर मागे जाऊन लागत नाही. विनंती हातात आल्या आल्या तो ब्लॉक उघडा.

तिसरं कारण आपल्या लोकांना हमखास भोवणारं. लँगफ्यूजमध्ये सेशन आयडी साध्या आस्की, म्हणजे इंग्रजी कीबोर्डवरच्या, अक्षरांत आणि २०० अक्षरांच्या आत असावा लागतो. कुणी हौसेनं आयडीत गावाचं किंवा विषयाचं नाव देवनागरीत घातलं, की ते मूल्य गळून ट्रेस सेशनविना जमा होऊ शकतो. प्रोग्राम थांबत नाही, म्हणून चूक लगेच लक्षात येत नाही. विषय मराठीत हवा असेल तर तो टॅगमध्ये ठेवा.

चौथं : प्रोसेस लवकर संपणं. ओपनटेलिमेट्रीचा बॅच प्रोसेसर स्पॅन साठवून पाठवतो. मूळ मांडणीत दर ५ सेकंदांनी, एका वेळी ५१२ पर्यंत, आणि रांग २०४८ ची. स्क्रिप्ट किंवा सर्व्हरलेस फंक्शन त्याआधीच संपलं तर शेवटचे स्पॅन जातीलच याची खात्री नसते. बाहेर पडण्याआधी ‘फ्लश’ करा, म्हणजे साठलेले स्पॅन लगेच पाठवा. रांग भरली की जास्तीचे स्पॅन टाकले जातात, हेही ध्यानात असू द्या.

प्रकल्पाच्या अहवालात सेशन आयडी रिकामा असलेल्या ट्रेसची टक्केवारी रोज दाखवा. ती शून्याच्या जवळ येईपर्यंत सेशनवर आधारलेला दुसरा कोणताही आकडा मांडू नका. परीक्षकानं विचारलं तर त्याचं कारण सांगता येईल, आणि ते सांगता येणं हेच या प्रकल्पाचं खरं काम आहे.

प्रश्न (नांदेड) : आमच्या रुग्णालयाच्या चौकशी सहायकात मोबाइल नंबर हाच सेशन आयडी केला आहे. शोधायला सोपा पडतो. चालेल ना?

उत्तर : नाही, कृपया बदला. नंबर हा माणूस आहे, संभाषण नव्हे. एकाच नंबरखाली जानेवारीतली आजीची सोनोग्राफी आणि जूनमधलं नातवाचं लसीकरण एका सेशनमध्ये जाईल. मोठी काळजी गुप्ततेची आहे. सेशन आयडी यादीत, लिंकमध्ये, एक्सपोर्टमध्ये, सगळीकडे उघडा दिसतो, आणि इथं तो आजाराच्या मजकुराशेजारी बसतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखाली ही जबाबदारी तुमच्यावर येते.

नंबराचा साधा हॅश (ठरलेल्या सूत्रानं त्यापासून निघणारा वेगळाच आकडा) करूनही भागत नाही. भारतीय मोबाइल नंबर १० आकडी आणि ६ ते ९ नं सुरू होणारे, म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. साधा संगणक त्या सगळ्यांचे हॅश काढून जुळवू शकतो. वापरकर्ता ओळखायचाच असेल तर गुप्त किल्ली घेऊन एचमॅक (किल्लीसह काढलेला हॅश) काढा, किल्ली देखरेखीच्या साधनापासून दूर ठेवा, आणि ते मूल्य ‘यूजर आयडी’त घाला. सेशन आयडी यादृच्छिकच राहू द्या. मेसेजच्या मजकुरातही लोक नाव, नंबर, आधार लिहितात. ते झाकण्याचं काम ट्रेस बाहेर जाण्याआधी तुमच्याच सर्व्हरवर करा.

प्रश्न (जालना) : बियाणे विक्रेत्यांसाठीच्या आमच्या सहायकाचं बिल मेसेजच्या हिशोबापेक्षा फार जास्त येतं. खर्च आवरायचा म्हणून ट्रेसही १० टक्केच ठेवतो. यात काय चुकतंय?

उत्तर : दोन वेगळे खर्च आहेत, एकेक घेऊ.

बिलाचं कोडं सेशन धरून बेरीज केली की सुटतं. समजा मॉडेलला दरवेळी दिली जाणारी सूचना ८०० टोकनची, प्रश्न १०० चा, उत्तर २०० चं. पहिल्या मेसेजला मॉडेलकडे ९०० टोकन जातात. पण प्रत्येक पुढच्या वेळी आधीचं सगळं संभाषण पुन्हा पाठवलं जातं, त्यामुळे दरवेळी ३०० ची भर पडते. दहाव्या मेसेजला ३६०० टोकन जातात, आणि दहा मेसेजची आत जाणाऱ्या टोकनची बेरीज २२५०० होते, ९००० नव्हे. तुम्ही बहुधा पहिल्या मेसेजला दहानं गुणत आहात. देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात, ती भर वेगळी. सेशनमधला मेसेजचा क्रमांक आडव्या अक्षावर आणि आत जाणारी टोकन उभ्या अक्षावर मांडा. रेघ कुठं चढते ते पाहून जुना भाग थोडक्यात करून पाठवायचं ठरवा.

आता १० टक्क्यांचं. ट्रेस आयडीवरून नमुना घेतला की प्रत्येक ट्रेसचा निर्णय स्वतंत्र होतो. आठ ट्रेसच्या सेशनमधला एखादा तरी ट्रेस शिल्लक राहण्याची शक्यता सुमारे ५७ टक्के असते, आणि आठही राहण्याची जवळपास शून्य. म्हणजे तुमच्याकडे अशा निम्म्याहून जास्त सेशनचे तुकडे आहेत आणि पूर्ण सेशन जवळपास एकही नाही. निर्णय सेशन आयडीवरून घ्या : त्याचा हॅश, त्याला १०० नं भागून उरलेली बाकी, ती १० पेक्षा कमी असेल तर सगळं ठेवा, नाहीतर काहीच नको. सगळ्या सेवांत हाच हिशोब ठेवला की एकमेकांना न विचारताही निर्णय जुळतो. दिवसाला दोन-चार हजारच मेसेज असतील तर मात्र नमुना घेऊच नका. तेवढ्यात वाचणारा पैसा किरकोळ असतो आणि हरवलेलं नेमकं तक्रारीचंच सेशन निघतं.

जाता जाता : सेशन आयडी प्रोमिथियस या आकडे साठवणाऱ्या साधनाच्या मेट्रिकवर लेबल म्हणून लावू नका. प्रत्येक सेशनमागे आकड्यांची नवी मालिका तयार होते आणि मेमरी भरते.

प्रश्न (बीड) : सहा महिन्यांचे जुने ट्रेस सेशन आयडीशिवाय पडले आहेत. आता काही करता येईल?

उत्तर : वापरकर्त्याची ओळख आणि वेळ त्यावर असेल तर होय. साधनातल्या जुन्या नोंदी बदलत बसू नका. एक्सपोर्ट करून डेटाबेसमध्ये घ्या. वापरकर्त्यानुसार गट करा, वेळेनुसार लावा, एसक्यूएलच्या ‘लॅग’ फंक्शननं आधीच्या मेसेजची वेळ शेजारी आणा. आधीचा मेसेज नसेल किंवा अंतर ६ तासांपेक्षा जास्त असेल तिथं १, बाकी ०. या स्तंभाची धावती बेरीज म्हणजेच त्या वापरकर्त्याच्या सेशनचा क्रमांक. ज्या ट्रेसवर वापरकर्ताच नाही ते बाजूला काढा. केवळ वेळेवरून ते कुणाला जोडायला गेलात तर दोन शेतकऱ्यांचे मेसेज एका संभाषणात मिसळतील.